मेंढ्याची सभा



आज आपल्याच धानोरा तालुक्यातल्या एका गावाबद्दल बोलायचं आहे. धानोऱ्याहून गडचिरोलीच्या एसटीत बसलं की थोड्याच वेळात लेखा येतं. त्याला लागून मेंढा. कागदोपत्री ‘मेंढा (लेखा)’ असं लिहितात. शंभरेक घरांचं, गोंड लोकांचं गाव. कठाणी नदी जवळ, समोर धानाच्या बांध्या, मागं जंगल. बाहेरून पाहिलं तर तुमच्या माझ्या गावापेक्षा काहीच वेगळं नाही. पण हे गाव पाहायला दिल्लीहून मंत्री आले, परदेशातून अभ्यास करणारे आले. आपल्याकडच्या बायांना मात्र ते ‘बांबूवालं गाव’ एवढंच माहीत असतं.

मागच्या वर्षी एका गटाच्या बैठकीत मी मेंढ्याबद्दल सांगत होते. हप्ते गोळा झाले होते, चहा व्हायचा होता. एक बाई, वयानं माझ्या आईएवढी, मध्येच म्हणाली, “ताई, गावाला मिळालं ते ऐकलं. बायांना काय मिळालं ते सांग.” मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी हा इतिहास पुन्हा नीट समजून घेतला, आणि आज तिच्याच प्रश्नाच्या वाटेनं सांगते.

सुरुवात जंगलापासून करू, कारण आपल्याकडे शेती आणि जंगल वेगळं नसतंच. मृगाचा पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे, मग रोवणा, दिवाळीच्या पुढंमागं कापणी. धान एकदाच. बोडीत पाणी असलं तर बरं, नाही तर वर पाहत बसायचं. त्या एका पिकावर वर्ष निघत नाही हे बाईला सगळ्यात आधी कळतं, कारण ढोलीत हात तिचा जातो. मग मार्चमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपान, शिवाय टोरी, चारोळी, पावसात वास्ते आणि रानभाज्या. सरपण तर रोजचं. म्हणजे जंगलावर कोणाचा हक्क, हा प्रश्न आपल्याकडे चुलीजवळचा आहे.

हा हक्क कसकसा गेला ते थोडक्यात सांगते. हा सगळा भाग चांद्याच्या गोंड राजांचा होता. मग नागपूरकर भोसले आले, आणि १८५४ मध्ये इंग्रज. जंगलाच्या पट्ट्यात जमीनदाऱ्या होत्या. जमीनदार काही देवमाणसं नव्हती, पण गावाला लागेल तेवढं लाकूड, बांबू, गवत, चराई यांचा वहिवाटीचा हक्क होता. त्याला निस्तार म्हणतात. १९५१ मध्ये जमीनदारी गेली, जंगलं सरकारजमा झाली. निस्तार कागदावर राहिला, पण वर्षावर्षाला अटी वाढत गेल्या. घराला बल्ली लागली की परवाना, सुपाला बांबू लागला की परवाना. आणि त्याच जंगलातला बांबू कागद कारखान्याला मोठ्या मुदतीच्या करारानं जात होता, तोही फार स्वस्त. डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई चोर ठरायची, आणि भरलेला ट्रक रस्त्यानं राजरोस जायचा. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या बायांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, मी नुसतं ऐकलंय.

१९८० नंतरच्या वर्षांत आपल्या भागात मोठी चळवळ उठली. इंद्रावती नदीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इचंपल्ली अशी दोन धरणं व्हायची होती. त्यात जंगल बुडणार, गावं बुडणार. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ या नावानं लोक उभे राहिले. लालशाम शहा महाराज पुढं होते, बाबा आमटे सोबत होते. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवाच होता, २६ ऑगस्ट १९८२ ला चांद्यातून वेगळा झालेला. ती धरणं झाली नाहीत. मेंढ्याचे देवाजी तोफा तरुणपणी या चळवळीत गेले आणि तिथून एक गोष्ट गावात घेऊन आले: मोर्चाला जाऊन परत आल्यावर गावात काय करायचं?

त्याच सुमारास चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते मेंढ्यात येऊ लागले. जयप्रकाशजींच्या आंदोलनातून आलेला माणूस. नावाकडे लक्ष द्या बायांनो, हिराबाई ही त्यांची आई आणि हिरालाल वडील. आडनाव सोडलं आणि आईचं नाव आधी लावलं. आता सरकारी कागदावर आईचं नाव लिहायची पद्धत आली आहे, त्यांनी ते किती आधी केलं! त्यांच्या ‘वृक्षमित्र’ या संस्थेनं गावात कुठली योजना आणली नाही, वस्तू वाटल्या नाहीत. लोक जंगलाशी कसे वागतात ते लोकांसोबत बसून समजून घ्यायचं, एवढंच काम. खरं सांगते, आज एखादा कार्यकर्ता असा हात हलवत आला तर आपण त्याला दुसऱ्यांदा चहा विचारणार नाही.

त्या बसण्यातून अभ्यास गट निघाला. म्हणजे ज्याला एखादा विषय समजून घ्यायचा आहे त्यानं बसायचं, वाचायचं, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं, वाद घालायचा. पण अभ्यास गटानं निर्णय घ्यायचा नाही. निर्णय गावाच्या सभेत, आणि तोही सर्वांच्या सहमतीनं. हात वर करून मोजणी नाही. एकाचंही मन मानत नसेल तर विषय पुढच्या सभेला. काही निर्णयांना महिने लागले, काहींना त्याहून जास्त. त्यातूनच ती घोषणा आली जी तुम्ही भिंतीवर वाचली असेल, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. गोंडीत ‘मावा नाटे मावा राज’.

पण ‘आम्ही’ म्हणजे कोण? इथं आपली गोष्ट सुरू होते.

गोंडांच्या जुन्या पद्धतीत गावाची पंचायत होती, पाटील होता, भूमिया होता, पण बसायचे ते पुरुष. बाया अंगणाच्या कडेला, पदर तोंडाशी धरून. मेंढ्यातही वेगळं नव्हतं. मग सभेत असं लक्षात येऊ लागलं की पुरुष ‘हो’ म्हणून घरी जातात आणि तो निर्णय घरात टिकत नाही. सरपणाचा नियम केला, पण सरपण आणणारी सभेत नव्हती. ती रोज ज्या वाटेनं जाते, कोणतं झाड वाळलंय, कुठं कोणी कुऱ्हाड लावली, हे तिला ठाऊक. मग गावानं ठरवलं की प्रत्येक घरातून निदान एक बाई आणि एक पुरुष सभेला आलाच पाहिजे. नुसत्या पुरुषांची सभा ही गावाची सभा नाही.

आता मला सांगा, सभेला ये म्हटल्यानं बाई बोलायला लागते का? नाही लागत. आपल्याच गटात पहा. दहा जणी बसतात, बोलतात तिघी. बाकीच्या ‘तुम्ही म्हणाल तसं’. ‘सर्वांची सहमती’ हा शब्द ऐकला की मला आधी भीतीच वाटते. जिला विरोध करायचा असतो ती घरच्या धाकानं गप्प बसते आणि तिच्या गप्प बसण्याला सहमती म्हणून लिहून टाकतात. मेंढ्याच्या पद्धतीत यावर उपाय वेळ हाच दिसतो. घाई नसेल तर आज गप्प बसलेली बाई पुढच्या सभेत बोलते, किंवा विहिरीवर बोलते आणि दुसरी तिचं म्हणणं सभेत आणते. पण घाई नसायला सभेवर गावाची मालकी लागते. वरून आलेल्या तारखेच्या आत ठराव हवा असेल तर कोणीच थांबत नाही.

बायांचा आवाज मेंढ्यात पहिल्यांदा मोठ्यानं ऐकू आला तो दारूच्या विषयावर. मोहाची दारू आपल्याकडे देवाला लागते, जन्माला लागते, मरणाला लागते. त्यामुळं ‘दारू बंद’ म्हणणं सोपं नव्हतं. जाणत्यांनी विचारलं, मग देवाला काय दाखवायचं? बायांना मार रोजचा होता, धान्य विकून पिणं रोजचं होतं. चर्चा पुष्कळ दिवस चालली. शेवटी देवाधर्माला लागेल तेवढी बाजूला ठेवून गावातली दारू बंद करायचं ठरलं, आणि त्यावर लक्ष ठेवायचं काम बायांकडे आलं. पुढं जिल्हाभर बायांनी हाच विषय उचलला आणि १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती किती पाळली जाते हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी रेडिओवर काय बोलू. पण ज्या गावात बायांची सभा जागी आहे तिथं आणि जिथं नाही तिथं फरक दिसतो, हे मी गावोगाव फिरताना पाहते.

गावातल्या सगळ्या बाया महिला मंडळात. कोणी सभासद, कोणी नाही, असं नाही. आपल्या बचत गटांत सभासदांची मर्यादा असते, बँकेच्या सोयीची. त्यांचं तसं नाही. जंगल राखायचं काम सुरू झालं तेव्हा हेच मंडळ कामी आलं. फळासाठी झाड तोडायचं नाही, जंगलाला आग लावायची नाही, अतिक्रमण करायचं नाही, गावाला न विचारता बाहेरच्यानं काही न्यायचं नाही, असे नियम झाले. मधाचं पोळं काढताना आग लावून माशा मारतात, त्याऐवजी माशा न मारता मध काढायची रीत गावानं अभ्यास करून शिकून घेतली.

गोटुलाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. गोटुल म्हणजे गोंडांचं गावाचं घर, तरुण मुलामुलींनी एकत्र येण्याचं, शिकण्याचं, नाचण्याचं. ते मागं पडलं होतं. गावानं ते परत बांधायचं ठरवलं आणि जंगलातून लाकूड आणलं. वनखात्यानं ते बेकायदा ठरवून उभं केलेलं गोटुल पाडलं, लाकूड उचलून नेलं. मारामारी झाली नाही. आजूबाजूच्या गावांची बैठक झाली, आणि एका गोटुलाच्या जागी गावागावांत गोटुलं उभी राहिली. मेंढ्याचंही पुन्हा उभं राहिलं. आज पाहुणे आले की त्यांना तिथंच बसवतात.

१९९० नंतर सरकारनं गावांसोबत मिळून जंगल राखायची योजना आणली, संयुक्त वनव्यवस्थापन. मेंढ्यानं अर्ज केला. उत्तर आलं की ही योजना उजाड जंगलासाठी आहे, तुमचं जंगल चांगलं आहे. म्हणजे जंगल राखलं हीच चूक झाली! गावानं पिच्छा सोडला नाही आणि चांगलं जंगल असूनही मेंढा त्या योजनेत घ्यावा लागला. या काळात गावानं एक शिस्त लावून घेतली. कामाच्या मजुरीतला दहावा हिस्सा गावनिधीत. शंभरातले दहा. ज्यांना आठवड्याला वीस-पन्नास रुपये काढताना जीवावर येतं त्यांना हे आकडे कळतील. त्या निधीतून अडलेल्याला कर्ज मिळू लागलं आणि सावकाराकडे जाणं कमी झालं. हा बचत गटच की, फक्त गावाएवढा.

मग आला २००६ चा वनहक्क कायदा. १ जानेवारी २००८ पासून नियम लागू झाले. हा कायदा पुष्कळ गावांना कळायलाच तीन-चार वर्षं लागली. मेंढ्याचा अभ्यास गट आधीच तयार होता. नकाशा, जुने निस्ताराचे कागद, जाणत्यांचे जबाब, सगळं जमवलं होतं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क पहिल्यांदा मिळालेली गावं म्हणजे मेंढा आणि आपल्याच जिल्ह्यातलं मर्दा.

कागद मिळाला, पण बांबू विकता येईना. १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, नव्या कायद्यात तो गौण वनोपज. बाहेर नेताना वाहतुकीचा पास लागतो आणि पासाचं पुस्तक वनखात्याकडे. दोन वर्षं कागद हलले. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुस्तक दिसायला आपल्या गटाच्या पावतीबुकाएवढंच. पण त्यावर सही करणार गाव. त्यानंतर ग्रामसभेनं स्वतः बांबू तोडला, स्वतः निविदा काढून विकला, मजुरी स्वतः ठरवली. ग्रामसभेचं बँक खातं, ग्रामसभेचं पॅन कार्ड. रोजगार हमीचं काम राबवणारी यंत्रणाही ग्रामसभाच झाली. आज गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा तेंदूपान आणि बांबूचा लिलाव स्वतः करतात, त्याची वाट इथून निघाली.

२०१३ मध्ये गावानं आणखी एक गोष्ट केली, ग्रामदान. विनोबांच्या काळातला शब्द. महाराष्ट्राचा ग्रामदानाचा कायदा १९६४ चा, तोच वापरला. जमीन कसायची ज्यानं त्यानं, मुलाबाळांनाही कसता येईल, पण मालकी ग्रामसभेची. गावाबाहेरच्याला विकायची नाही. दारूत किंवा कर्जात बांधी गेली, असं होणार नाही. सातबारावर बाईचं नाव नसतं हे आपलं जुनं दुखणं. ज्या जमिनीवर तिचं नावच नाही ती विकताना तिला विचारणार कोण? इथं निदान विषय सभेत येईल आणि सभेत ती असेल. हा हिशेब मी माझ्या बुद्धीनं करते आहे, तुम्हाला पटतो का पहा.

आता त्या बाईचा प्रश्न. बायांना काय मिळालं?

मजुरी मिळाली, तीही गावात, घरच्या भाकरीवर. दारूचा मार कमी झाला. सरपण आणताना चोर ठरायची भीती गेली. सभेत जागा मिळाली. हे सगळं खरं आहे. पण एक खोडही सांगते. मेंढ्याबद्दल जे छापून येतं त्यात नावं येतात ती दोन-तीन पुरुषांची. ती माणसं मोठीच आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण जंगलात पाळीनं फिरलेल्या, दारूची भांडी शोधून काढलेल्या बायांचा उल्लेख ‘महिलांनीही सहभाग घेतला’ एवढ्या एका ओळीत होतो. मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक गावाच्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा, सोपं आहे. आणि वाचून झालं की मेंढ्याला जाऊन तिथल्या म्हाताऱ्या बायांशी बोला. मी दोनदा गेले. पहिल्यांदा वही काढली आणि त्या गप्प झाल्या. दुसऱ्यांदा वही पिशवीतच ठेवली, मोहफूल निवडायला बसले, आणि दुपार कशी गेली कळलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी कायद्यातच आहे आणि आपण वापरत नाही. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, नाही तर ती सभाच भरत नाही. वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची, त्यातही एक तृतीयांश बाया. आणि नवराबायकोला मिळालेला वैयक्तिक पट्टा दोघांच्या नावानं. पट्टा घरात असेल तर आज पेटीतून काढून पहा, तुमचं नाव कसं लिहिलंय ते.

हे सांगायचं कारण असं. जिनं प्रश्न विचारला होता तिच्या गावात गेल्या महिन्यात सामूहिक दाव्याची सभा होती. रोवण्याचे दिवस, बाया बांधीत. सभेला पुरुष भरपूर आणि बाया मोजून नऊ. कोणी तरी सुचवलं की रजिस्टर घरोघर फिरवून बायांच्या सह्या घेऊ, काम होऊन जाईल. आपल्याकडे असंच होतं, मीही पूर्वी असं पाहून गप्प बसले आहे. ती बाई चिखलाच्या पायांनी आली होती. म्हणाली, “मेंढ्यात असं करत नाहीत.” मेंढ्याला ती कधी गेलेली नाही. थोडी बाचाबाची झाली, तिचा दीरच तिच्यावर ओरडला. पण बाकीच्या आठ जणींनी सह्या करायला नकार दिला आणि सभा थांबली.

रोवणा आटोपल्यावर सभा पुन्हा ठेवली आहे, संध्याकाळी, बाया मोकळ्या असतात त्या वेळेला. ही वेळ त्यांनीच सांगितली. गटातल्या बाया घरोघर जाऊन निरोप देत आहेत. तिनं मलाही बोलावलंय, पण अट घातली आहे की ताईनं मागं बसायचं आणि बोलायचं नाही. मी जाणार आहे.